बिनफांदीचा पोपट

"काकू, तुमी कवा पोपट जवळून पाह्यला का?"

प्रश्न विचारून झाला आणि मग प्रेमिलाने जीभ चावली. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या शामकला आणि मंदा या तिच्या दोन मैत्रिणींनी मात्र श्वास रोखून धरला होता, कारण पैज लागली होती. फुलचूरहून गोंदियाच्या शाळेत जाताना रोज सकाळी प्रेमिला पोपटांच्या नावाने बोटं मोडायची. शेवटी शामकला कंटाळून म्हणाली, "आमच्यापाशी काऊन रडून राहिली? हिंमत आहे तं धुरपताबाईले विचार." विचारलं तर रेल्वे फाटकाजवळच्या झाडाची ओंजळभर विलायती चिंच, नाही विचारलं तर महिनाभर दोघींची दप्तरं वाहायची. विलायती चिंचेसाठी प्रेमिला याहून मोठी संकटं अंगावर घेणारी होती.

धुरपताबाई म्हणजे काही लहान असामी नव्हे. भाताच्या गिरणीचे मालक नंदलालजी यांच्या त्या पत्नी. गिरणीत नंदलालजींचा शब्द चाले आणि नंदलालजींवर धुरपताबाईंचा. त्यांच्या मुलीचं लग्न अजून ठरायचं होतं, पण उशा आधी तयार हव्या होत्या. कापडावर सरकारी कंट्रोल होता, रेशनवर मोजकंच मिळे, तरी त्यांनी कुठूनसं बारा अभ्र्यांचं पांढरंशुभ्र कापड पैदा केलं होतं आणि त्या बाराही अभ्र्यांवर त्यांना, बैठकीतल्या चौकटीवर होते तसेच, पोपट पाहिजे होते. चोचीला चोच लावलेले दोन पोपट आणि मधे गुलाब.

"पोपट पाहाले कायले लागते व?" धुरपताबाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "पोपट तं माहीतच राह्यते."

"मी म्हटलं, या बारीले काही नवं काढू का?"

"नवं? पगली है क्या! नवं काढशीन तं लोक म्हनतीन, याइले पोपट नाई मिळाला."

मैत्रिणी बाहेर पळाल्या आणि हसून हसून गिरणीच्या कोंड्यात बसल्या. चिंच प्रेमिलाने जिंकली. अभ्र्यांचं गाठोडं मात्र तिलाच उचलून घरी न्यावं लागलं.

हा पोपट कुठून आला, ते सांगायलाच हवं, कारण पुढे त्याने बराच गोंधळ घातला.

दोन वर्षांपूर्वी शामकलाच्या बहिणीचं लग्न निघालं. मुलीसोबत आणं, म्हणजे आंदण द्यायचं तर त्यात भरतकाम पाहिजेच. बहिणीचा सुईवर हात चांगला होता, पण नक्षी काढणार कोण? प्रेमिला तेव्हा सहावीत होती आणि पाटी, भिंत, दुकानातला पुड्या बांधायचा कागद, दिसेल त्यावर काहीबाही काढत असे. तिने एका साबणाच्या वेष्टनावरचे पोपट पाहून पातळ कागदावर मोठे करून काढले. मग रेघांवरून टाचणीने भोकं पाडली. असा भोकांचा कागद कापडावर पसरायचा, रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीची चिंधी वरून फिरवायची, की खाली ठिपक्याठिपक्यांची नक्षी उमटते. एकदा कागद झाला की शंभर वेळा तोच चालतो. सोय म्हणजे ती एवढी, आणि फास म्हणजेही तोच.

तर त्या पहिल्या कागदात एक चूक राहिली. उजव्या पोपटाच्या पायाखालची फांदी कागदाच्या घडीत गेली आणि तिथे टाचणी टोचायचीच राहिली. शामकलाच्या बहिणीने पोपट भरला, गुलाब भरला, डाव्या पोपटाची फांदी भरली आणि उजवा पोपट तसाच हवेत बसवला. छाप्यात नाही ते भरायचं नाही, हा भरतकामाचा पहिला नियम.

लग्नात सगळ्या बायकांनी तो अभ्रा हातोहात पाहिला. दुसऱ्या महिन्यात दुसरी बाई आली. प्रेमिलाला आपली चूक एव्हाना कळली होती. तिने फांदी नीट जोडून दिली, तर बाईंचा चेहरा पडला. "त्याइचा पोपट उडून राहिला, आमचा कायले बसवला? आमी का कमी आहो?" प्रेमिलाने निमूटपणे फांदी पुसून दिली. तेव्हापासून नागऱ्यापासून गोंदियापर्यंत घरोघरी उजवा पोपट हवेत बसू लागला, आणि त्यावर डोकं ठेवून नवरदेव सुखाने झोपू लागले.

कोणी त्याबद्दल पायलीभर तांदूळ देई, कोणी रेशमाची लडी, कोणी नुसतंच "पोरीचा हात गोड आहे" एवढं म्हणे. प्रेमिला कोणाची चाकर नव्हती. पण येईल त्याला 'हो' म्हणण्याचं खातं तिच्या आईकडे होतं. सुमित्राबाई कोणालाही 'हो' म्हणत. त्याचंही कारण होतं. प्रेमिलाचे वडील चैतरामजी यांचं गोंदियाच्या बाजारात लहानसं किराणा दुकान आणि फुलचूरला धानाच्या चार बांधी, म्हणजे भातखाचरं. गोंदियाच्या मोठ्या घरच्या हळदीकुंकवात सुमित्राबाईंना पूर्वी दाराजवळची जागा मिळे. पोपट आल्यापासून त्यांना आत बोलावून पाटावर बसवू लागले. दारापासून पाटापर्यंतचं अंतर एका पोपटाने पार करून दिलं होतं. अशा पोपटाला कोणती आई नाही म्हणेल?

प्रेमिलाचा हात मात्र दुखू लागला होता. सुरुवातीला मजा वाटे, कौतुकाने छाती फुगे. नंतर नंतर डोळे मिटूनही पोपट निघे आणि डोळे उघडले की त्याच्याकडे पाहवत नसे. दुसऱ्याने कितीही चांगलं म्हटलं तरी रात्रंदिवस बेसनभातच वाढला तर जेवणाऱ्याचं काय होईल, तसं तिचं झालं होतं.

आणि याच सुमाराला तिला खेकडा भेटला.

मागच्या रोवणीच्या सुट्टीत ती बांधीच्या धुऱ्यावर, चिखलाच्या कडेला बसली होती. आई आणि बाया चिखलात वाकून रोपं लावत होत्या. तिच्या पायाजवळच्या बिळातून एक खेकडा बाहेर आला, थांबला, आणि हिशेबी सावकारासारखा तिच्याकडे तिरपा पाहू लागला. एक नांगी मोठी, एक लहान. लहान नांगीने तो सारखं काहीतरी तोंडात घालत होता आणि मोठी नुसती धरून होता, जणू दुसऱ्याची कोणीतरी त्याच्याकडे ठेवायला दिली होती. प्रेमिलाने सोबत आणलेल्या जुन्या कॅलेंडरच्या पानामागे त्याला काढला. मग चालताना काढला. मग बिळात अर्धा गेलेला काढला. आठ पाय एकाच वेळी कुठेकुठे असतात, हे पाहता पाहता दुपार कधी झाली ते कळलं नाही. आईने भाकरीची हाक मारली ती तीनदा.

"काय पाहून राहिली व इतकं?"

"खेकडा, माय. आठ पाय आहेत आन् एकबी दुसऱ्याच्या आड येत नाई."

"भाजीत टाकला का येत नाईच," सुमित्राबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

प्रेमिलाचा संपला नाही. तेव्हापासून तिने भूगोलाच्या वहीच्या मागे खेकड्यांची एक सबंध किनार काढली होती, एकामागे एक चाललेले अकरा खेकडे, एकासारखा दुसरा नाही. ती किनार कोणाच्या तरी चादरीवर उतरावी असं तिला फार वाटे. तिने ती आईला दाखवली. आईने कपाळाला हात लावला. "उशीवर खेकडा? नवरदेवाले चावला तं? हे पाह्य पोरी, तुयं लग्न जमेपर्यंत पोपटच काढ. खेकडे काढनारी पोरगी कोन करन?"

म्हणजे प्रश्न असा होता. प्रेमिलाचा हात प्रेमिलाचा, की येईल त्याचा? आईच्या लेखी तो आणखी थोडे दिवस पोपटांचा होता आणि मग नवऱ्याचा.

फाल्गुनात सडक अर्जुनीचे पाहुणे आले. मोठी शेती, मुलगा नागपूरला शिकणारा. त्याचे काका घनश्यामजी आणि काकू अनुसयाबाई मुली पाहत हिंडत होते. परीक्षा महिन्यावर आली होती; प्रेमिला आठवीच्या इंग्रजीचे धडे पाठ करत होती. पण आईने पुस्तक हातातून काढून घेतलं, डोक्याला तेल चोपडलं आणि तिला नेसवून बसवलं. भिंतीवर पोपटांची चौकट लटकवली. पाटावर पोपटांचा अभ्रा घडी करून ठेवला. दोन्हींवर सुईकाम शामकलाचं होतं, कारण प्रेमिलाच्या सुईने कापडाची उलटी बाजू म्हणजे गाठींचं रान होत असे, आणि पाहुण्या बाया आधी उलटी बाजू पाहतात हे सगळ्यांना माहीत होतं.

अनुसयाबाईंनी चहा प्यायला, पोहे खाल्ले, मग अभ्रा उचलून उलटा केला. "पाठ साफ आहे," त्या म्हणाल्या. सुमित्राबाईंना हायसं वाटलं. मग त्यांनी तो सुलटा केला, पाहिला, भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, हा तं थोच पोपट!"

घनश्यामजी पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होते. "कोनता?"

"थोच, हवेतला! नागऱ्याले पाह्यला, गोंदियाले गिरनीवाल्याइकडे पाह्यला. आन् इथं तिसऱ्यांदा पाहून राहिली." त्या सुमित्राबाईंकडे वळल्या. "बाई, राग नका मानू. पन नक्कल ते नक्कल. धुरपताबाईनं सांगतलं मले, हा पोपट तिच्या पोरीनं मनानं काढला म्हनून. तिथूनच उतरवला ना तुमच्या पोरीनं?"

सुमित्राबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. खरं सांगावं, तर पोरगी गावभरच्या घरचं काम करते असं होणार. खोटं सांगावं, तर पोरगी चोर ठरणार. त्यांनी मधला मार्ग काढला आणि आणखी पोहे वाढले.

प्रेमिलाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मी काढला तो," ती म्हणाली. "सारे मीच काढले."

मुलीने पाहुण्यांसमोर आपण होऊन बोलायचं नसतं. चैतरामजी खोकले. अनुसयाबाईंनी मात्र भुवया उंचावल्या. "असं? मग काढून दाखव ना. अभी दूध का दूध, पानी का पानी."

आता एवढं झाल्यावर मागे कोण हटणार! चैतरामजींनी पुड्या बांधायचा कागद आणला, चुलीतला कोळसा आणला. प्रेमिला खाली बसली. हा पोपट तिने इतक्यांदा काढला होता की तिच्याऐवजी कोळशालाच तो पाठ असावा. डावा पोपट झाला. चोच, गुलाब, उजवा पोपट. हात आपोआप पुढे गेला, थांबला. दोन वर्षं तिच्या मनात एक गोष्ट काट्यासारखी सलत होती, आणि आज पहिल्यांदाच तिला कोणी स्वतःचा पोपट काढायला सांगितलं होतं. तिने उजव्या पोपटाच्या पायाखाली फांदी काढली. छान, जाड, कोंब फुटलेली, दोन पानं असलेली फांदी. दोन वर्षांनी बिचारा बसला.

अनुसयाबाईंनी कागद हातात घेतला, अभ्रा शेजारी धरला आणि विजयाने म्हणाल्या, "चुकली! पाहा, फांदी काढली! असली पोपटाले फांदी कुठं आहे?"

"पन काकू, फांदी पाह्यजे ना. तो बसला आहे तं कशावर बसला आहे?"

"थे मले नोको विचारू. असली पोपट हवेतच राह्यते. साऱ्या गोंदियाले माहीत आहे."

सुमित्राबाईंनी डोळे मिटून घेतले. प्रेमिलाने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, भिंतीवर हवेत बसलेल्या त्या पोपटाकडे पाहिलं आणि तिला एकाएकी हसू फुटलं. रडूच यायचं, पण वाटेत कुठेतरी चुकून हसू आलं. आपला पोपट आपल्यालाच ओळखत नाही म्हणजे काय! तिने कागद उलटा केला.

"मग हे पाहा, हे तं कोनाचं उतरवलं नाई ना?" आणि तिने खेकडा काढायला घेतला.

तिच्या हाताला जणू वाट फुटली. पाठ, डोळ्यांच्या दांड्या, लहान नांगी तोंडाशी, मोठी नांगी बाजूला, आठ पाय आठ दिशांना. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्यांचा ढीग. पाहुणे बसले आहेत हे ती विसरली. तेल चोपडलेली बट कोळशाच्या बोटाने मागे सारली आणि कपाळावर काळा पट्टा उमटला.

घनश्यामजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. पुढे सरकले. मग गुडघ्यांवर आले.

"अरे! हा तं आपल्या बांधीतला!" ते ओरडलेच. "पाह्य ना, अनुसया, लहान नांगीनं खाऊन राहिला! आन् हे माती, हे अशीच राह्यते, बाहेर गोळ्या गोळ्या. पोरी, बिळ मातर थोडं तिरपं पाह्यजे. सरळ बिळ नाई राहत त्याचं. पानी आत जाते ना."

"तिरपं?" प्रेमिला म्हणाली. "असं?"

"आनखी. हां, अस्सं! वा!"

दोघं कागदावर वाकून बसले. बैठकीचा सारा रंग गेला होता. अनुसयाबाई पदर सावरून उठल्या. त्यांनी जाताना निरोप म्हणून एवढंच सांगितलं, "पोरगी चांगली आहे, पन आमचं घर साधं आहे." हे वाक्य कशासाठी वापरतात ते सगळ्या मुलींच्या आयांना ठाऊक असतं. घनश्यामजींनी खेकड्याचा कागद घडी करून टोपीत ठेवला.

सुमित्राबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, म्हणजे सगळ्यांसमोर जेवल्या नाहीत. "खेकडा चावला माह्या पोरीच्या नशिबाले," असं भेटेल त्याला सांगू लागल्या. त्यामुळे खेकड्याची गोष्ट पोपटापेक्षा लवकर पसरली.

आणि दहाव्या दिवशी, बाजारच्या दिवशी, घनश्यामजी चैतरामजींच्या दुकानात हजर! काखेत एक चादर.

"चैतरामजी, एक काम होतं. तो कागद मी गावात दाखवला. आमच्याकडे बाया दिवाण्या झाल्या. बायको म्हनते, खेकडे काढनाऱ्या पोरीले सून तं करता येत नाई, पन चादरीले खेकडे तिच्याच हातचे पाह्यजेत." आणि मग आवाज लहान करून, "बिळ तिरपंच ठेवाले सांगजा."

प्रेमिलाने ती चादर आठ दिवस घेतली. शाळेतून आल्यावर अभ्यास, अभ्यास झाला की खेकडे. टाचणी नाही, भोकं नाहीत. निळीत बुडवलेली काडी घेऊन सरळ कापडावर. सोळा खेकडे, सोळा तऱ्हेचे. एक खेकडा तिने मुद्दाम घनश्यामजींसारखा गुडघ्यांवर आलेला काढला. ती काढताना गुणगुणत होती आणि सुमित्राबाई दारातून पाहून न पाहिल्यासारखं करत होत्या. चादर सडक अर्जुनीच्या बायांकडे भरायला गेली. तीन आठवड्यांत काय झालं, ते शहाण्याला सांगायला नको. अनुसयाबाई ती चादर घेऊन गोंदियाच्या तीन लग्नांत हिंडल्या.

परीक्षा संपली त्याच दुपारी धुरपताबाई स्वतः टांगा करून फुलचूरला आल्या. सोबत तेच बारा अभ्रे. प्रेमिलाने परीक्षेच्या नावाखाली ते लांबवले होते आणि मग ते कोरेच, पोपटाच्या भोकांच्या कागदासकट परत पाठवून दिले होते, "काकू, हा पोपट तुमच्याच पोरीच्या हातचा झाला, तुमच्याचकडे राहू द्या," असा निरोप देऊन. धुरपताबाईंना त्यातला टोमणा लागला नव्हता. काही माणसांना टोमणा लागण्यासाठीसुद्धा आधी सवड लागते.

"सुमित्राबाई, पोपट आता जुना झाला," त्या बसता बसता म्हणाल्या. "बाराही उशांवर खेकडे पाह्यजेत. थेच, अर्जुनीवालीच्या चादरीवरचे."

"बारा? हो ना, काढून देईन!" सुमित्राबाईंच्या तोंडातून निघून गेलं. खेकडा नशिबाला चावून दीड महिनाही झाला नव्हता.

प्रेमिला आत होती. तिने ऐकलं आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला आनंदच झाला. बारा खेकडे! आपला खेकडा गिरणीवाल्यांच्या घरी! तिने लगेच पातळ कागद काढला, सगळ्यांत चांगला खेकडा त्यावर उतरवला आणि हातात टाचणी घेतली. बारा वेळा काढायचा म्हणजे भोकंच पाडायला हवीत. टोच, टोच, टोच. नांगी झाली. एक पाय झाला, दोन झाले. पाचव्या पायाशी तिचा हात दुखू लागला. अगदी त्याच जागी, अंगठ्याच्या बुडाशी, जिथे पोपट दुखायचा.

टाचणी तशीच हातात धरून ती बाहेर आली.

"काकू, एक विचारू? तुमी खेकडा कवा जवळून पाह्यला का?"

या वेळी दारात मैत्रिणी नव्हत्या, चिंच नव्हती, पैज नव्हती.

"मी? आमी गिरनीवाले, आमच्याकडे कुठचा खेकडा!"

"मग तुमी जवळून काय पाह्यता?"

सुमित्राबाई डोळ्यांनी लेकीला दटावत होत्या. असा प्रश्न धुरपताबाईंना आजवर कोणी विचारला नसावा. "जवळून मी घुशी पाह्यते, दुसरं काय!" त्या हसल्या. "काढशीन घुशी उशीवर?"

"सांगान तं काढीन."

"हट्!" मग त्यांनी हातातल्या बांगड्या मागे सारल्या. "चिमन्या राह्यतात म्हना. गिरनीच्या मागं कोंड्याचा ढीग राह्यते ना, तिथं सकाळी चिमन्या येतात. पान्यात न्हातात तशा कोंड्यात न्हातात. अशा, पंख फुगवून, लोळून. उडून गेल्या का कोंड्यात लहान लहान वाट्या राहतात त्याइच्या अंगाच्या. मी चहा पितापिता पाह्यते. एक लंगडी आहे. थे साऱ्याइच्या नंतर येते, आन् दुसरीनं केलेल्या वाटीत बसते. आयती." त्या एकदम थांबल्या, जणू आपलं काही गुपित सांडलं. "पन थे काय, चिमन्या! उशीवर चिमन्या कोन काढते!"

प्रेमिलाच्या अंगठ्यातली कळ कधीच थांबली होती. कोंड्यातल्या वाट्या! रिकाम्या वाट्या कशा दाखवायच्या? ठिपक्यांनी? आणि लंगडी आयत्या वाटीत बसलेली. "काकू, उद्या सकाळी येऊ का मी? चहाच्या वेळी?"

"ये ना. पन खेकडे..."

"खेकडे नाई काकू. एक अभ्रा ठेवा. अकरा परत न्या."

धुरपताबाई टांग्यात बसून गेल्या. अकरा अभ्रे घेऊन गेल्या आणि एक ठेवून गेल्या. त्या रागावल्या होत्या की खूश होत्या, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं, कारण अंगणाच्या फाटकाशी टांगा थांबवून त्यांनी ओरडून सांगितलं, "लंगडी डाव्या पायानं आहे!"

संध्याकाळी चैतरामजी दुकानातून आले, तेव्हा सुमित्राबाई ताट वाढता वाढता सगळं सांगत होत्या. अकरा अभ्रे पोरीने परत पाठवले. अकरा! पाट गेला आता. पुढच्या हळदीकुंकवाला पुन्हा दाराजवळ बसायचं. आणि चिमण्यांसाठी उद्या गिरणीवर जाणार म्हणे, पोरीची जात. "तुमीच सांगा आता, येईन त्याले नाई म्हनून कसं चालन?"

चैतरामजींनी भातात वरण कालवलं. मग लेकीकडे पाहिलं. "बोल व. काय चाललं आहे तुह्या डोक्यात?"

प्रेमिलाने ताट बाजूला सारलं आणि मांडी नीट घातली. असं बसून कधी काही सांगितलं नव्हतं, पण धुरपताबाईंना दोनदा प्रश्न विचारून झालेल्या माणसाला आई-बाप काही अवघड नसतात.

"माय, बाबूजी, मी ठरवलं आहे. नक्षी मी काढीन, पन कोनाले 'हो' म्हनाचं थे आता मीच म्हनीन. एकदा काढलं थे दुसऱ्यांदा काढनार नाई, पोपट नाई आन् खेकडाबी नाई. जो येईन त्याले मी पह्यले विचारीन, तुमी जवळून काय पाह्यलं. ज्याले सांगता येईन त्याचंच काम घेईन, आन् तेबी एका वेळी एकच. माय, तू पाटाची फिकर नोको करू. चिमन्या उशीवर बसल्या का धुरपताकाकू तुले पाटावर नाई तं पलंगावर बसवतीन. आन् मॅट्रिक होईपर्यंत पाहुने बोलवू नोका. बोलवलेच, तं त्याइच्या पोरालेबी घेऊन या म्हना. त्याले मी बैठकीत बसवीन आन् सगळ्याइसमोर हाच प्रश्न विचारीन."